अकरा एकांचा ताळा

आप्पा, आज वर्गात मी एका पोरीवर ओरडले. तिची काही चूक नव्हती. मूळ संख्या शिकवत होते, म्हणजे तुमच्या भाषेतले मुफरद, ज्यांना एक आणि त्या स्वतः सोडून कुणाचाच पूर्ण भाग जात नाही. फळ्यावर नुसते एक-एक लिहीत चालले होते. अकरा मूळ आहे. एकशे अकरा नाही, सदतीस त्रिक एकशे अकरा. चार एक लिहिले, अकराने जातात. पाच एकांना एक्केचाळीसने भाग जातो. सहा एकांना तीन, सात, अकरा, तेरा, कशानेही जातो. सात एकांना दोनशे एकोणचाळीसने. इथं मी दरवर्षी थांबते. आज पहिल्या बाकावरची पोरगी उठली आणि म्हणाली, "मॅडम, अकरा एक लिहिले तर?" तर मी काय म्हणावं? "खाली बस. नसत्या चौकशा करू नकोस." एवढंसं तोंड झालं बिचारीचं. सबंध शाळेत आजवर मला एवढा चांगला प्रश्न कुणी विचारला नसेल, आणि मी तिला खाली बसवलं. तेव्हापासून डोकं नुसतं भणभणतंय. राग तिचा नव्हता, तुमचा होता. तुम्ही जाऊन तीस वर्षं होत आली, तरी जात नाही मेला.

तुम्ही मानवतच्या जिनिंगात काट्यावर होतात. मापाडी. कापसाच्या गाड्या यायच्या, भरलेली गाडी तोलायची, कापूस उतरला की रिकामी तोलायची, मधला फरक तो कापूस. शेतकरी लांबून येतो, रात्रभर गाडी हाकून येतो, त्याचं वर्ष त्या काट्यावर ठरतं, म्हणून तुम्ही वजन कधी एका दमात सांगितलं नाही. आकडा सुटा करून सांगायचात. एक. चार. चार. तीन. समोरचा लिहिणारा तसाच सुटा म्हणून दाखवायचा, मग गाडी पुढे. का, तर आपल्यात त्रेचाळीस म्हणताना तीन आधी येतो आणि चाळीस मागून, आणि घाईतला हात जे आधी ऐकतो ते आधी लिहितो. त्रेचाळीसचे चौतीस होतात. हे तुम्हाला पक्कं ठाऊक होतं. "जीभ घसरली तर माफी हाय, काटा घसरला तर न्हाई," असं तुम्ही नव्या कारकुनाला बजावायचात. सगळ्या मानवतला ठाऊक होतं की आप्पांच्या काट्यावर दुसऱ्यांदा मोजायची गरज नसते. मग घरीच काय झालं होतं तुम्हाला?

अकरा एकांचं खूळ तुमच्या डोक्यात घातलं ते तुमच्या मौलवी मास्तरांनी. निजामाच्या वेळची उर्दू शाळा, सातवीपर्यंत शिकलात, पुढं आजोबांनी काढून घेतलं. त्या मास्तरांनी म्हणे एकदा फळ्यावर अकरा एक लिहिले आणि म्हणाले, "ये मुफरद है के नहीं, पता लगाया तो मैं सलाम करूंगा तेरे कू." मास्तर गेले, निजाम गेला, तुमची सलामाची हौस काही गेली नाही. चाळिशी उलटल्यावर जिनिंगाचा हंगाम संपला की, काट्यावर धूळ बसलेली असताना, तुम्ही जुन्या काटापट्ट्यांच्या, म्हणजे वजनाच्या चिठ्ठ्यांच्या, पाठकोऱ्या बाजूवर भागाकार करत बसायचात. भागाकार नव्हे, तक्सीम. मी नववीत गेले त्या उन्हाळ्यात तुम्ही मला हाक मारली, "इकडं ये गं. तुझं अक्षर बरं हाय."

आणि तुम्ही हुशार होतात, आप्पा, हेच तर दुखतं. नुसत्या निरीक्षणावर तुम्ही एक गोष्ट हेरली होती. पाच एकांचे भागीदार, भाजकाला तुमचा शब्द, एक्केचाळीस आणि दोनशे एकाहत्तर. दोघांतून एक वजा करा, दोघंही दहाने जातात. सात एकांचे दोनशे एकोणचाळीस आणि चार हजार सहाशे एकोणपन्नास. एक वजा करा, दोघंही चौदाने जातात. पाचाची दुप्पट दहा, साताची दुप्पट चौदा. मग अकरा एकांचा भागीदार असलाच तर तो बावीसच्या पाढ्याच्या एक पुढे उभा असणार. त्यातलेही फक्त मुफरद घ्यायचे, तेवीस, सदुसष्ट, एकोणनव्वद, एकशे नव्याण्णव, असे. बाकीच्यांकडे बघायचंसुद्धा नाही. हे का होतं ते तुम्हाला सांगता येत नव्हतं. मला बी.एस्सी.ला कळलं, की ते खरंच तसं आहे आणि त्याला व्यवस्थित सिद्धता आहे. वर्गात बसून मला रडू फुटलं होतं. शेजारणीला वाटलं, दात दुखतोय.

"एक लाख पाच हजारापर्यंत जायचं," तुम्ही म्हणालात. "त्याच्या पुढं मोठा भागीदार असंल, तर त्याचा लहान जोडीदार आधीच घावला असता." म्हणजे हजाराच्या आसपास भागाकार, एकेक अकरा आकडी. दुपारी चारला बसायचो ते दिवेलागणीपर्यंत. आई चुलीपासून ओरडायची, "पोरीला काट्यावर बसवायचंय का? भाकरी कोण थापायच्या?"

"तक्सीम अर्धी हाय. आता उठली तर पहिल्यापून करावी लागंल."

"भाकर बी अर्धीच हाय. ती काय आपोआप भाजंल व्हय?"

तुम्ही हसायचात आणि मला डोळ्यांनी सांगायचात, उठू नको. तुमच्याइतका कडक माणूस, पण त्या वेळात तुमचा आवाज वेगळा असायचा. एकदाच रागावलात, माझा सात एकासारखा दिसला म्हणून. "आकडा असा काढ की आंधळ्यानं हात फिरवून वाचावा." वही फेकली होतीत अंगणात. मी उचलून आणली आणि पान पुन्हा लिहिलं. त्या दिवसापासून कच्चं काम पट्ट्यांवर आणि पक्कं वहीत, शाईनं, असा नियम झाला.

त्याच पावसाळ्यात विद्यापीठाच्या नावावरून जिल्हा पेटला. बाजार बंद, एसटी बंद, शाळा बंद. खेड्यांतनं काय काय कानावर यायचं आणि आई दाराला कडी घालायची. तुम्ही म्हणायचात, "नाव बदलल्यानं गणित बदलतंय का?" हे वाक्य तुम्हाला फार शहाणपणाचं वाटायचं. मला तेव्हाही राग यायचा, सांगत नव्हते इतकंच. माझ्या बाकावर बसणारी मैत्रीण वस्तीतली होती. शाळा उघडली तेव्हा ती आली नाही, नंतरही आली नाही. तिचं काय झालं, हे मी तुम्हाला विचारलं नाही आणि तुम्ही मला सांगितलं नाही. कडी लावलेल्या दाराआड आपण दोघं भागाकार करत होतो. बंदमुळं दिवसाला दहा-दहा व्हायचे.

त्याच दिवसांत एकवीस हजार सहाशे एकोणपन्नास आला. तुम्ही पलीकडं पुढच्या भागीदारांची यादी करत होतात, मी भाग देत होते. पाच, एक, तीन, दोन, सगळं बरोबर. मग वजाबाकी आली आठ हजार चारशे त्रेचाळीस आणि माझ्या हातानं लिहिलं आठ हजार चारशे चौतीस. झालं! पुढचं सगळं त्या चौतीसवर बेतलेलं. भागाकार आला पाच लाख तेरा हजार दोनशे अडतीस, बाकी वीस हजार सातशे एकोणपन्नास. तुम्ही वही घेतलीत आणि नेहमीसारखा नवाचा ताळा पाहिलात. भागीदाराच्या आकड्यांची बेरीज बावीस, दोन न् दोन चार. भागाकाराची बावीस, चार. बाकीची बावीस, चार. चार चोक सोळा, सात. सात न् चार अकरा, दोन. आणि अकरा एकांची बेरीज अकरा, दोन. जुळला! तुम्ही मांडीवर थाप मारलीत, "बघ, तिन्ही जागी बावीस! बावीसनं धरून ठेवलंय आपल्याला." आणि वहीत बारीक बरोबरची खूण केलीत.

अहो, पण शेजारचे दोन आकडे उलटे पडले की फरक नवाच्या पटीतच पडतो, आणि नवाच्या ताळ्याला नवाची चूक दिसत नाही! काट्यावर हे टाळायला तुम्ही जन्मभर आकडे सुटे करून म्हणवलेत. परक्या कारकुनाला दोनदा म्हणायला लावणारा माणूस स्वतःच्या पोरीला एकदाही म्हणायला लावत नाही? एकदा नुसतं म्हणाला असतात, "वाचून दाखव." एकदा! मला अजून कळत नाही, तो विश्वास होता की आळस. विश्वास असेल तर तो मला नको होता.

आपण तसेच पुढं गेलो. आणखी साताठशे भागाकार. एक हंगाम मधे गेला, मी दहावीत गेले, बोटाला शाईचा घट्टा पडला. दुसऱ्या दिवाळीच्या तोंडावर एक लाख पाच हजार ओलांडले आणि तुम्ही आईला म्हणालात, "गोड कर. अकरा एक मुफरद हाय." आईनं शिरा केला, कशासाठी ते तिला कळलं नाही. मग तुम्ही विद्यापीठाच्या गणित विभागाला पत्र लिहिलंत. पोस्टात खिडकीतल्या माणसानं पाकीट हातात धरून विचारलं, "नाव कोणतं टाकलंय, जुनं का नवं?" त्या वर्षांत पाकिटावरच्या नावावरनं माणसाचा पक्ष कळायचा. तुम्ही म्हणालात, "नुसतं विद्यापीठ लिहिलंय. पुढं औरंगाबाद हाय. पोचंल." तिथंही धड इकडं नाही, धड तिकडं नाही. पत्र पोचलं मात्र.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. पत्त्याच्या जागी तुम्ही घरचा पत्ता द्यायचा सोडून जिनिंगाचा दिलात, आणि त्या भल्या माणसांनी उघडं कार्ड पाठवलं. भर हंगाम, काट्यापुढं पंधरा-वीस गाड्या, मी तुमचा डबा घेऊन आलेली. पोस्टमन फाटकापासूनच ओरडत आला, "आप्पाला विद्यापीठाचं पत्र हाय! ऐका रे!" त्याला वाटलं, कौतुकच असणार. त्यानं वाचलंसुद्धा तशाच आवाजात. "आपण पाठविलेल्या संख्येस एकवीस हजार सहाशे एकोणपन्नास या संख्येने पूर्ण भाग जातो. भागाकार पाच लाख तेरा हजार दोनशे एकोणचाळीस. आपल्या चिकाटीचे..." मग त्याचा आवाज बसला. चिकाटीचं काय ते कुणाला ऐकू आलं नाही.

पोखर्णीचा एक म्हातारा गाडीच्या जुवाला टेकून उभा होता. त्याच्या मनात काही वाईट नसेल, गंमतच केली त्यानं. "म्हंजी आप्पाचा ताळा चुकला म्हणा की! मंग माझी गाडी बी पुन्ना मोजा बरं." सगळे हसले. तुम्हीही हसलात. पण त्याची गाडी तुम्ही खरंच पुन्हा मोजलीत, आणि मग मागच्यानं म्हटलं, माझी पण. त्या दिवशी प्रत्येक गाडी दोनदा तोलली गेली. एका किलोचा फरक निघाला नाही. तरी गोष्ट पसरायची ती पसरली, गंगाखेडच्या बाजारात कुणीतरी ती मीठमसाला लावून सांगितली, आणि महिन्याभरात मालकांनी तुम्हाला आत बोलावलं. "आप्पा, लोक कुरकुर करायलेत. थोडे दिवस बारदान्याचं बघा." बारदाना म्हणजे रिकामी पोती. ते थोडे दिवस तुमची नोकरी संपेपर्यंत संपले नाहीत. चोवीस वर्षं ज्या काट्याला तुमच्याशिवाय कुणी हात लावला नाही, त्याच्यावर मालकांचा भाचा बसला, आणि तो वजनं एका दमात सांगायचा.

कार्ड आलं त्या संध्याकाळी तुम्ही वही काढलीत. पान सापडायला वेळ लागला नाही. अक्षर माझं होतं, शाईतलं, आंधळ्यानंही वाचावं असं. मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते. म्हटलं, आता ही वही जाते अंगणात. खरं सांगू, मला ती फेकून मारायला हवी होती तुम्ही. तुम्ही मात्र त्या चौतीसवर बोट ठेवलंत आणि माझ्याकडं न बघता म्हणालात, "ताळा मी पाह्यला होता. चूक माझी." दुसऱ्या दिवशी मालकांना, पोस्टमनला, आईला, सगळ्यांना हेच. चूक माझी. माझं नाव तुम्ही मरेपर्यंत काढलं नाहीत. लोकांना वाटलं, पोरीचा काय संबंध.

त्यावर कहर म्हणजे तुम्ही त्याच संध्याकाळी पुन्हा पेन्सिल घेऊन बसलात, आणि थोड्या वेळानं मला हाक मारलीत, खुशीत. "अगं, एक गेला पन दोन घावले! एकवीस हजारवाला मुफरद हाय, पाच लाखवाला बी मुफरद हाय. तपासायची गरजच न्हाई. त्यायला कुणाचा भाग गेला असता, तर त्याचा अकरा एकालाबी गेला असता, अन् तेवढे लहान भागीदार आपन कवाच तपासलेत. मागची पानं वाया न्हाई गेली." बरोबर होतं तुमचं. सुंदर होतं, आज मला ते वर्गात शिकवावंसं वाटतं. पण त्या वेळी माझ्या अंगाची आग झाली. गाव हसतंय, काटा जाणार हे तुम्हालाही दिसत असणार, आणि तुम्ही मला दोन मुफरद दाखवताय! मी म्हणाले, "मला भाकरी थापायच्यात," आणि गेले. नंतर तुम्ही मला कधी वही घेऊन बोलावलं नाही. मीही आले नाही.

विद्यापीठाच्या नावाचा निकाल लागला त्याच्या आदल्या वर्षी तुम्ही गेलात. मी तेव्हा परभणीला शिकवत होते. शेवटच्या आठवड्यात तुमच्या उशाशी बसले होते, बोलायला पुष्कळ वेळ होता, आणि आपण काय बोललो? पंख्याचा आवाज, डॉक्टरची फी, कुणाचं लग्न. दोनदा तोंडापर्यंत आलं. दोन्ही वेळा तुम्ही म्हणालात, "पाणी दे." आता लिहितेय तर वाटतं, सगळं पत्रभर मी तुम्हालाच झोडपतेय. ताळ्यावर भिस्त ठेवलीत, वाचून घेतलं नाहीत, कार्ड जिनिंगात मागवलंत, माझी चूक पोटात घातलीत. सगळं खरं आहे. एकच गोष्ट लिहायची टाळत इथवर आले. हे कुणाला दाखवायचं नाही, कुठं टाकायचं नाही, म्हणून लिहून टाकते.

तो भागाकार केल्याच्या दुसऱ्या दिवशी, तुम्ही मागच्या दारी तोंड धुवायला गेला होतात, तेव्हा मला त्या चौतीसचा संशय आला. मी एका पट्टीच्या मागे पेन्सिलीनं पुन्हा भाग दिला. त्रेचाळीस लिहिले. शेवटी एक लाख चौऱ्याण्णव हजार आठशे एक्केचाळीस उरले आणि बरोबर नऊदा भाग बसून ते सगळे गेले. बाकी शून्य. उत्तर सापडलं होतं, म्हणजे संपलं होतं. उद्यापासून चार वाजता मला हाक येणार नव्हती. मी पट्टी चुलीत घातली. तुम्ही टॉवेलनं तोंड पुसत आत आलात, बसलात, आणि मी म्हणाले, "आप्पा, पुढचा सांगा."